शीतखोलीतील तापमान सेन्सर : जोडणी आणि काळजी

दादरच्या फूलबाजारात पहाटे पेटी उघडली की गिऱ्हाईक आधी गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या पाहते. कडा पाणचट वा तपकिरी दिसल्या की भाव पडतो, आणि दोष गाडीवाल्याला दिला जातो. परंतु कधीकधी ही फुले शेतावरच्या शीतखोलीतच गोठलेली असतात. कंट्रोलरवर आकडा 2 अंश सेल्सिअस दिसतो, खोली मात्र शून्याखाली गेलेली असते. गुलाब शून्याच्या अगदी थोडे खाली गेले तरी गोठू लागतो.

याचे एक कारण वायरच्या जोडणीत असते. पीटी-100 या सेन्सरचा रोध 0 अंशाला 100 ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे 0.385 ओहमने वाढतो. म्हणजे एका ओहमची चूक अडीच अंशांहून अधिक पडते. या सेन्सरला तीन तारा असतात, बहुधा दोन लाल व एक पांढरी. दोन लाल तारांवरून कंट्रोलर वायरचा स्वतःचा रोध मोजतो व तो वजा करतो. वायर कमी पडली की गावचा वायरमन घरातली दोन तारांची वायर जोडतो आणि दोन्ही लाल तारा एकत्र पिळतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची वायर 20 मीटर लांब असेल, तर जाण्यायेण्याचा रोध सुमारे 1.4 ओहम होतो. कंट्रोलरला खोली साडेतीन अंशांनी उबदार वाटते, कॉम्प्रेसर चालूच राहतो, आणि 2 अंशांवर लावलेली खोली प्रत्यक्षात उणे दीडपर्यंत उतरते. म्हणून वाढीव वायर तीन तारांचीच, एकाच जाडीची व एकाच लांबीची घ्यावी.

एनटीसी जातीच्या सेन्सरला हा त्रास नाही. नेहमीच्या प्रकारात 25 अंशाला त्याचा रोध 10,000 ओहम असतो व थंडीत तो वाढत जातो. तेथे दीड ओहमाने काही बिघडत नाही. मात्र दोन्ही जाती एकमेकींच्या जागी चालत नाहीत. लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर खरेदीला जाताना कंट्रोलरचा नमुना क्रमांक लिहून न्यावा. दिसायला दोन्ही नळ्या सारख्याच असतात.

सेन्सर कूलरकडे परत जाणाऱ्या हवेत टांगावा. पंख्याच्या थेट झोतात, दाराजवळ किंवा भिंतीला चिकटवून लावू नये. टोक खाली ठेवावे आणि आत शिरण्यापूर्वी वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाण्याचे थेंब झोळावरून गळून जातात. शक्यतो सांधा खोलीबाहेर घ्यावा. भिंतीतील भोक फोम किंवा सिलिकॉनने बुजवावे, नाहीतर दमट हवा आत येऊन तेथे बर्फ धरतो. कोकणात पावसाळ्यात हे विशेष जपावे. सेन्सरची वायर मोटरच्या वायरबरोबर एकाच पाइपमधून नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

बर्फ वितळवण्याचा सेन्सर वेगळा असतो. तो कॉइलच्या पत्र्यांत, जेथे बर्फ सर्वांत शेवटी वितळतो तेथे, हीटरपासून दूर बसवावा.

पडताळणी सोपी आहे. थर्मासमध्ये ठेचलेला बर्फ भरून तो बुडेल इतकेच पाणी घालावे, सेन्सरचे टोक मध्यभागी धरून दहा मिनिटे हलवावे. आकडा 0 यायला हवा. हंगामाच्या सुरुवातीला आणि वायर बदलल्यावर प्रत्येक वेळी हे करावे. सेन्सर हवेचे तापमान सांगतो, पेटीतल्या फुलाचे नव्हे. संध्याकाळी भरलेल्या पेटीच्या मधोमध साधा तापमापक खोचून पाहावा. खोली 2 अंशांवर आली तरी पेटीचा गाभा कित्येक तास गरम राहतो. आंब्याच्या पेट्या मात्र याच खोलीत ठेवू नयेत, हापूसला सुमारे 13 अंश लागतात.