गोळी चुकली असती तर !

मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें व कोणतें देऊं नये, हा प्रश्न ज्या घरांत वाचन चालतें त्या प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. आमच्या घरीं तो २०२५ च्या चातुर्मासांत उपस्थित झाला. डॉ. जयंत विष्णु नारळीकर २० मे रोजीं पुण्यास निवर्तले, तेव्हां त्यांचें कांहीं पुन्हां वाचावें या हेतूनें आम्हीं ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा कपाटांतून काढली, आणि संध्याकाळीं ओसरीवर जमणाऱ्या लहानमोठ्या मंडळींत ती हातोहात फिरूं लागली. त्यांचीं मतें ऐकून आमचें स्वतःचें मत दोन वेळां बदललें. तो वृत्तांत वाचकांस निरुपयोगी होणार नाहीं असें वाटल्यावरून येथें देत आहों.

नारळीकर हे केम्ब्रिजचे ज्योतिर्गणिती; पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचे संस्थापक. परंतु १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत त्यांनीं आपली पहिली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनांवानें पाठविली. आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं केलीं कीं हें नांव सिद्ध होतें. कीर्ति पाहून बक्षीस मिळूं नये, हा त्यांतील हेतु. बक्षीस मिळालें तें कथेस. अशा सचोटीच्या लेखकावर ‘मुलांस भलतींच स्वप्नें दाखवितो’ असा आरोप करण्यापूर्वीं चार वेळां विचार केला पाहिजे.

कथेचें सूत्र थोडक्यांत असें : इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांस अपघात होतो व ते एका निराळ्याच हिंदुस्थानांत जाऊन पोंचतात. तेथें १७६१ च्या पानिपतांत विश्वासरावांस गोळी लागली नाहीं. ती कानाजवळून निघून गेली, आणि मराठ्यांचा जय झाला. पुढचा सर्व इतिहास त्यामुळें पालटला. मुंबईच्या ग्रंथालयांत बसून पंत त्या पालटाचा शोध घेतात. सायंकाळीं आझाद मैदानावरील एका सभेंत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून व्यासपीठावर चढतात. श्रोत्यांचा मार खातात. आणि पुन्हां आपल्या जगांत येतात. खिशांत तिकडच्या बखरीचें एक फाटकें पान तेवढें उरतें.

पहिला आक्षेप आमच्या वकील स्नेह्यांचा. ते म्हणाले, “गुरुजी, एका गोळीनें राज्यें बुडत नाहींत व तरत नाहींत. पानिपतावर सैन्य उपाशी होतें, रसद तुटली होती, यात्रेकरू व बायकामुलें बरोबर होतीं. विश्वासराव वांचते तरी धान्य कोठून येणार ?” त्यांनीं दाखला आमच्याच जिल्ह्यांतला दिला. जामखेड तालुक्यांत खर्डें येथें १७९५ च्या मार्चांत मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला. जय पुरता झाला. तथापि आठच वर्षांनीं, १२ ऑगस्ट १८०३ रोजीं, शिंद्यांकडे असलेला नगरचा भुईकोट किल्ला वेलस्लीनें घेतला. खर्डें जिंकूनहि नगर राहिलें नाहीं, तर पानिपत जिंकून दिल्ली राहिली असती हें कशावरून ? हा युक्तिवाद बिनतोड आहे. लेखकाच्या बाजूनें इतकेंच म्हणतां येईल कीं, तराजूचीं दोन्ही पारडीं समतोल असतां एक तीळहि पारडें झुकवितो. आणि पानिपतच्या दिवशीं एक क्षण असा होता किंवा काय, एवढीच त्यांची पृच्छा आहे. विश्वासराव पडले म्हणून भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले व गर्दींत शिरले. मोकळी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला, ही गोष्ट इतिहाससंमत आहे.

दुसरें मत आमचें स्वतःचें. तें व्युत्पत्तीच्या अंगानें होतें. जी क्रिया घडावयाची ती घडली नाहीं, तिच्यासाठीं संस्कृतांत स्वतंत्र लकारच आहे. त्यास लृङ् म्हणतात, व अर्थास क्रियातिपत्ति. मराठींत तोच संकेतार्थ. पाऊस पडता तर पीक येतें, हें उदाहरण आम्हीं वर्गांत किती वेळां दिलें असेल ! आमच्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत तें मुलांस समजावून सांगावें लागत नसे. योगवासिष्ठांतील लीलेच्या आख्यानांतहि मृत पतीच्या महालांतील आकाशांतच तिला निराळें जग दिसतें, आणि त्यांत तोच पति दुसऱ्या नांवानें राज्य करीत असतो. येथें आमचे कांहीं मित्र टाळी देऊन म्हणतात कीं, पाहा, अमेरिकन शास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनीं १९५७ सालीं अनेक विश्वांची जी उपपत्ति मांडली ती आमच्या ऋषींस ठाऊकच होती. आम्हांस हें मान्य नाहीं. लीलेची कथा जग मनोमय आहे हें शिकविण्यासाठीं आहे. एव्हरेटची उपपत्ति गणितांतून निघाली असून तीहि सर्व शास्त्रज्ञांस मान्य झालेली नाहीं. दोहोंचा आदर करण्यास त्या एकच असण्याची गरज नाहीं.

तिसरें मत तेरा वर्षांच्या नातीचें. तिनें फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाच्या १९९५ ते २००० या काळांत निघालेल्या तीन कादंबऱ्या वाचल्या आहेत. त्यांत एका सुरीनें हवा कापून मुलें एका जगांतून दुसऱ्या जगांत जातात. परंतु शेवटीं त्या खिडक्या बंद कराव्या लागतात, आणि एकमेकांवर जीव जडलेलीं दोन मुलें कायमचीं दुरावतात, कारण दुसऱ्याच्या जगांत कोणी फार दिवस जगूं शकत नाहीं. ती म्हणाली, “आजोबा, गंगाधरपंतांना परत येतांना कोणालाच सोडून यावें लागलें नाहीं. म्हणून मला रडूं आलें नाहीं.” साहित्यपरीक्षणाचे मोठमोठे ग्रंथ चाळूनहि आम्हांस हा भेद सुचला नव्हता.

चौथा वाचक शेजारचा एक अठरा वर्षांचा विद्यार्थी. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत थोडक्या गुणांनीं त्याची संधि हुकली होती. पंधरा दिवस तो दार लावून बसला होता. त्याचें मन रमावें म्हणून आम्हींच त्यास ही कथा दिली. त्यानें ती चार वेळां वाचली व एके सायंकाळीं येऊन म्हणाला, “गुरुजी, एका प्रश्नाचें उत्तर मी बरोबर लिहिलें होतें, शेवटच्या क्षणीं बदललें. ज्या जगांत तें बदललें नाहीं, तिथला मी आज वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. मग इथें बसलेला हा मी कोण ?”

आम्ही निरुत्तर झालों. पस्तीस वर्षें मुलांना शिकविलें, परंतु या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि टीकेंत नव्हतें. औषध म्हणून दिलें तें अपथ्य झालें, अशी टोंचणी मनास लागली.

त्या वेळीं आमच्या थोरल्या वहिनी कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. आमचे बंधु वयाच्या चौतिसाव्या वर्षीं गेले. पुढें वहिनींनीं जामखेडकडे प्राथमिक शाळेंत नोकरी धरून दोन मुलें वाढविलीं. त्या सहसा वादांत पडत नाहींत. त्या दिवशीं म्हणाल्या, “भावोजी, ती पानिपतची गोळी चुकावी असें सर्वांनाच वाटतें. पण आपल्या चौंडीच्या लेकीचें काय ? १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव होळकरांना तोफेचा गोळा लागला. तो चुकता, तर अहिल्याबाईंनीं पुढें अठ्ठावीस वर्षें राज्य केलें असतें का ? काशीचें देऊळ कोणी बांधलें असतें ? या जिल्ह्याला आतां नांव कोणाचें दिलें असतें ?”

मुलगा म्हणाला, “म्हणजे तो गोळा लागला हें चांगलें झालें ?”

“असें कधीं म्हणूं नकोस, बाळ,” वहिनी म्हणाल्या. “लागला तें वाईटच झालें. जिचा नवरा गेला तिला जाऊन विचार. वाईट झालें तें वाईटच. पण मागाहून जें केलें, तें तिनें याच जगांत केलें. तिला दुसरें जग नव्हतें.” इतकें बोलून त्यांनीं पुढची वात वळावयास घेतली. त्या अहिल्याबाईंविषयीं बोलत होत्या. परंतु घरांतील कोणासहि तेवढेंच ऐकूं आलें नाहीं.

मुलगा कांहीं न बोलतां गेला. आठ दिवसांनीं पुस्तक परत करावयास आला, तेव्हां गांवांतील महाविद्यालयांत विज्ञानशाखेसाठीं अर्ज भरून आला होता. डॉक्टर होण्याचा नाद त्यानें सोडला आहे असें नाहीं. पुढील वर्षीं परीक्षेस पुन्हां बसणार आहे. कथेविषयीं त्याचें नवें मत असें : “गुरुजी, गंगाधरपंतांनीं तिकडचीं पुस्तकें वाचलीं तोंवर त्यांना कोणी हात लावला नाहीं. ते तिकडच्या रिकाम्या खुर्चीवर बसूं गेले, तेव्हां मार बसला. ती खुर्ची त्यांची नव्हती.”

ओसरीवर झालेल्या सर्व मतप्रदर्शनांत हें मत आम्ही पहिलें मानतों. दुसऱ्या जगाकडे पाहावें, तेथील बखर वाचावी, एखादें पान खिशांतहि आणावें. तेथें बसावयास मात्र जाऊं नये. ‘असतें तर’ हा संकेतार्थ भाषेस भूषण आहे. त्यांत कोणी घर बांधूं म्हणेल, तर त्यास ना भिंत ना छप्पर.

तेव्हां पालकांस आमची सूचना इतकीच कीं, असलीं पुस्तकें मुलांस अवश्य द्यावीं. परंतु देऊन मोकळें होऊं नये. वाचून झाल्यावर मुलगा काय म्हणतो तें ऐकण्यास घरांत कोणीतरी बसलेलें असावें. आणि तें कोणीतरी शिकविणारें असण्यापेक्षां सोसलेलें असेल तर अधिक बरें.

जातां जातां त्या मुलानें नारळीकरांचें ‘चार नगरांतले माझे विश्व’ हें आत्मचरित्र मागून नेलें. वाराणशी, केम्ब्रिज, मुंबई व पुणें हीं तीं चार नगरें. त्यांत आमचें नगर नाहीं, हें आम्हीं त्यास सांगितलें. तो हंसला. जून महिन्यानंतर त्यास हंसतांना आम्हीं प्रथमच पाहिलें.