'ढ' हा शिक्का कायमचा नव्हे

वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आपल्याकडे सहजपणे 'ढ' म्हटले जाते. या संबोधनाची एक उपपत्ती सांगितली जाते. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंतच्या दोन हजारांहून अधिक वर्षांच्या प्रवासात बहुतेक अक्षरांची वळणे ओळखू न येण्याइतकी बदलली. 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून जो बदलत नाही, तो 'ढ'. उपपत्ती गमतीची असली तरी तिच्यात एक गंभीर गृहीतक दडलेले आहे. या अक्षराप्रमाणे माणसाची बुद्धीही जन्मतः ठरलेली असते व ती बदलत नाही, हे ते गृहीतक होय. ते कितपत खरे आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण त्यावर अनेक मुलांचे आणि प्रौढांचेही भवितव्य अवलंबून असते.

मोजपट्टीचा मूळ हेतू

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्या सहकार्याने १९०५ मध्ये बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. शाळेत ज्या मुलांना विशेष साहाय्याची गरज आहे, त्यांचा शोध घेणे हा तिचा हेतू होता. बुद्धी ही वाढविता न येणारी ठरीव राशी आहे, या मताचा बिने यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात कडक शब्दांत निषेध केला. अवधान व स्मरण यांना वळण लावणारे अभ्यासही त्यांनी सुचविले. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे मात्र मदतीसाठी घडविलेली ही मोजपट्टी अनेक ठिकाणी मुलांवर शिक्के मारण्यासाठीच वापरली गेली.

कौतुक कशाचे करावे?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. क्लॉडिया म्यूलर यांच्यासह केलेले त्यांचे प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचवीच्या मुलांना प्रथम काही कोडी सोडवावयास दिली. नंतर काही मुलांना 'तू हुशार आहेस' असे सांगितले, तर काहींना 'तू चांगले कष्ट घेतलेस' असे म्हटले. त्यानंतर सर्वांना अवघड कोडी दिली. हुशारीचे कौतुक झालेली मुले अपयश येताच लवकर खचली, पुढच्या खेपेस त्यांची कामगिरी घसरली आणि आपले गुण वाढवून सांगण्याची प्रवृत्तीही त्यांच्यात अधिक दिसली. कष्टांचे कौतुक झालेली मुले चिकाटीने प्रयत्न करीत राहिली.

यामागील कारण उघड आहे. यश हे हुशारीचे प्रमाणपत्र ठरले, की अपयश हा मूर्खपणाचा दाखला ठरतो. मग अवघड काम टाळणे हेच शहाणपणाचे वाटू लागते. याउलट क्षमता अभ्यासाने वाढते असे मानणाऱ्यास चूक ही केवळ पुढील पावलाची खूण वाटते. या दुसऱ्या धारणेला आपण 'विकासशील मनोवृत्ती' म्हणू.

प्रौढ वयातील अक्षरओळख

'आता या वयात काय शिकणार?' हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. त्याचे एक उत्तर देवनागरी लिपीनेच दिले आहे. उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांतील सुमारे तिशीच्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतांश स्त्रिया होत्या, सहा महिने हिंदी वाचन शिकविण्यात आले. शिकण्यापूर्वी व नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात मेंदूतील दृष्टीशी निगडित भागांच्या परस्पर संपर्कात बदल आढळले. आणि ते मेंदूच्या अगदी खोलवरच्या भागांपर्यंत पोहोचले होते. म्हणजे 'ढ' हे अक्षर बदलले नसेल. पण ते वाचावयास शिकणारा मेंदू बदलतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. तिचे वैशिष्ट्य असे, की साक्षर होणे ही एकट्या व्यक्तीची परीक्षा न राहता ती साऱ्या गावाची जबाबदारी बनली. संपूर्ण गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होत असे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन तेथे येऊ लागल्या. अंगठ्याच्या जागी स्वतःची सही करणे ही कोणाला लहान गोष्ट वाटेल. पण जिने आयुष्यभर 'मला काय कळतंय' असे म्हणत अंगठा पुढे केला, तिच्या दृष्टीने ती फार मोठी आहे.

मर्यादा ओळखणेही आवश्यक

तथापि, मनोवृत्ती म्हणजे जादूची कांडी नव्हे. अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरील एक व्यापक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तासाभराहूनही कमी वेळाच्या पाठाने मागे असलेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांत सुधारणा झाली. मात्र ती माफक होती. शिवाय सोबत्यांच्या वातावरणात अवघड अभ्यासाला मान होता, तेथे ती अधिक दिसली. धारणेला पोषक परिसर लागतो, हा यातील बोध होय.

ज्या मुलाला फळ्यावरील अक्षर दिसत नाही, त्याला चष्मा हवा, उपदेश नव्हे. ज्याला अध्ययन अक्षमता आहे, त्याला विशेष पद्धतीने शिकविणारा शिक्षक हवा. घरकामातून ज्या मुलीला उसंतच मिळत नाही, तिला प्रथम वेळ मिळाला पाहिजे. अशांना नुसते 'प्रयत्न कर' म्हणणे म्हणजे नवा शिक्का मारणेच ठरेल. जुना 'ढ' चा, नवा 'आळशी' चा.

घरी व शाळेत काय करावे?

मुलाने उत्तरपत्रिका आणली की 'किती गुण पडले?' याबरोबर 'कोणते उदाहरण चुकले व का?' हेही विचारावे. शाबासकी देताना नेमके काय साधले, ते सांगावे. एक रीत जमत नसेल, तर तीच शंभरदा घोकून घेण्याऐवजी दुसरी दाखवावी. 'मला येत नाही' असे मूल म्हणाले, तर 'अजून येत नाही' अशी दुरुस्ती करावी आणि लगेच त्याच्याजवळ बसावे. वडीलधाऱ्यांनी स्वतः काही नवे शिकताना आपल्या चुका मुलांपासून लपवू नयेत. चुकत चुकत शिकणारी आजी नातवाला जे शिकविते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

'ढ' हे अक्षर आपले रूप शतकानुशतके टिकवून आहे, हे त्याचे भूषणच होय. माणसावर मात्र ती सक्ती नाही. त्याला पुढे सरकण्यासाठी वाट मोकळी करून देणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.