गुंठाभर जमीन आणि चार कागद

कायद्याचा प्रश्न म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे खून, दरोडा आणि काळे डगले उभे राहतात. परंतु पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील सामान्य माणसाला कायदा प्रथम भेटतो तो जमिनीच्या रूपाने. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे भोसरी-चिंचवडला औद्योगिक वसाहत झाली, आणि कारखान्यांची रांग चाकण-म्हाळुंग्यापर्यंत जाऊन पोचली. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसे आली. काम मिळाले, घर मात्र बहुतेकांना आपले आपणच शोधावे लागले. मग फंडाची रक्कम, बायकोचे दागिने आणि गावाकडची एखादी पट्टी विकून आलेले पैसे एकत्र करून गुंठा घ्यायचा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. उभ्या आयुष्याची कमाई एवढ्याशा तुकड्यात जाते, म्हणून त्याचा कायदा नीट समजून घेतला पाहिजे.

अशा गृहस्थाला कागद विचारले तर तो पिशवीतून चार कागद काढतो : नोटरी केलेले साठेखत, सातबाऱ्याचा उतारा, महापालिकेच्या मिळकतकराची पावती आणि विजेचे बिल. चारही कागद खरे असतात. घोटाळा एवढाच की, यांतला प्रत्येक कागद वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो, आणि आपल्याला ज्याचे उत्तर हवे असते तो प्रश्न कित्येकदा कोणीच सोडविलेला नसतो.

साठेखत घ्या. साठेखत म्हणजे ‘विकीन’ असे वचन. खरेदीखत म्हणजे ‘विकले’. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा स्पष्ट सांगतो की, नुसत्या विक्रीच्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच व्हावी लागते. नोटरीचा शिक्का फार तर एवढेच सांगतो की अमक्याने माझ्यासमोर सही केली. जमीन सही करणाऱ्याची होती की नाही, हे पाहणे नोटरीचे कामच नव्हे. काहीजण साठेखताच्या जोडीला कुलमुखत्यारपत्र घेतात आणि निर्धास्त होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प या खटल्यात सांगून टाकले आहे की, अशा मुखत्यारपत्राच्या व्यवहाराने मालकी मिळत नाही. शिवाय मुखत्यारपत्र देणारा वारला की सामान्यतः ते त्याच्याबरोबरच संपते.

आता कोणी विचारील, मग लोक खरेदीखतच का करीत नाहीत? याचे कारण तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा. शेतजमिनीचे फार बारीक तुकडे होऊ नयेत हा त्याचा हेतू. शेतीच्या दृष्टीने तो रास्तच होता. पण शेताच्या कडेला कारखान्याचा भोंगा वाजू लागल्यावर तोच कायदा गुंठा घेणाऱ्याच्या आड आला. दस्त नोंदला जाईना, तेव्हा विकणाऱ्याने नोटरीची वाट दाखविली. सरकारने पुढे २०१७ मध्ये जुने तुकडे नियमित करण्याची सोय केली. गुंठेवारीचा २००१ चा कायदाही आहे, आणि त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढविली गेली. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून आपला तुकडा त्यांत बसतो की नाही हे तहसील कचेरीत आणि महापालिकेत विचारावे, दलालाला नव्हे.

सातबाऱ्याबद्दल तर भाबडेपणा फारच आहे. ‘सातबाऱ्यावर नाव चढले, जमीन आपली झाली’ असे आपण म्हणतो. वास्तविक सातबारा ही महसुलाची नोंदवही. तिच्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते एवढेच. मालकी देण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. तरीही तो बारकाईने वाचावा. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाचे नाव असते; ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असले तर सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. फेरफारही पाहावेत, आणि विशेषतः बहिणींची नावे कोठे गेली ते पाहावे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. भावाने एकट्याने विकलेल्या जमिनीवर बहिणीचा दावा येतो तेव्हा घेणाऱ्याचे घर बांधून झालेले असते. त्यात दोष बहिणीचा नसतो, हेही सांगितले पाहिजे.

करपावतीचे काय? शास्तीकर हा शब्द या शहरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. बेकायदा बांधकामाला महापालिका कर लावी आणि वर दुप्पट शास्ती. शासनाने मार्च २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडकरांना त्या शास्तीतून मोकळे केले. पण शास्ती गेली म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले असे नव्हे. कर भरल्याने बेकायदा बांधकाम नियमित होत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. वीजबिल तर केवळ वीज वापरल्याचा पुरावा!

आणि समजा, खरेदीखत नोंदलेले आहे, तरी एक प्रश्न उरतोच : तेथे बांधता येते का? चिखलीत इंद्रायणीकाठी, निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो. नदीची रेषा आखणे हे त्याच्याकडचे काम नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी महापालिकेच्या हद्दीत महापालिकेकडे, चाकण भागात महानगर प्राधिकरणाकडे विकास आराखडा पाहावा : आरक्षण, रस्ता, पूररेषा. दुय्यम निबंधकाकडील जुन्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. त्याची फी जड वाटते खरी, पण गुंठ्याच्या किमतीपुढे ती काहीच नाही.

ज्यांचा व्यवहार होऊन गेला आहे त्यांनी तारखा पाहाव्यात. साठेखतात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर विकणाऱ्याने नकार दिल्याचे कळल्यापासून, तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो. ‘पुढच्या दिवाळीला करू’ असे विकणारा गोड बोलून म्हणतो, आणि त्या दिवाळ्यांतच मुदत सरते. वकिलाच्या खर्चाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा पाहा. त्यात स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि या पट्ट्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य असले म्हणजे झाले. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा पुण्याला जिल्हा प्राधिकरणाकडे करावा, आणि सोबत पिशवीतल्या चारही कागदांच्या प्रती जोडाव्यात.