मजकुराच्या फाईलमधून ठरावीक ओळींचे निष्कासन

यवतमाळ जिल्ह्यातील १६ तालुक्यांची ग्रामसूची एकाच फाईलमध्ये, एका ओळीस एक गाव याप्रमाणे लिहिलेली आहे, असे समजू. तीत झरी-जामणी तालुक्यातील गावे ४०१ पासून ४६० पर्यंतच्या ओळींवर असून पहिले नाव मुकुटबन आहे. एवढाच भाग वेगळा करावयाचा आहे.

प्रचलित रीत अशी की 'हेड' आज्ञेने आरंभीच्या ४६० ओळी घ्याव्यात व त्यांतून 'टेल' आज्ञेने शेवटच्या ६० ठेवाव्यात. येथे ४६० मधून ४०१ वजा करून ५९ हा आकडा घेणाऱ्यांचे मुकुटबनच गळते. दोन्ही टोके धरावयाची असल्याने एक मिळविणे अवश्य असते. याहून घातक दोष निराळाच आहे. फाईल ४३० ओळींतच संपली असेल, तर हीच जोडी ३७१ ते ४३० ह्या ओळी देते. म्हणजे दुसऱ्या तालुक्याची ३० गावे निमूटपणे आत शिरतात आणि ओळी मोजाव्यात तर त्या बरोबर ६० भरतात! क्रम उलटून 'टेल'ला ४०१ व्या ओळीपासून आरंभ करावयास सांगितल्यास हा प्रमाद टळतो.

तथापि 'सेड' हे साधन अधिक सरळ होय. बेल प्रयोगशाळेत ली मॅकमहन यांनी ते १९७३-७४ च्या सुमारास रचिले. 'एन' ह्या पर्यायाने आपोआप होणारे मुद्रण थांबते, 'पी' ह्या आज्ञेने सांगितलेल्याच ओळी उमटतात आणि ४६० व्या ओळीस 'क्यू' जोडल्यास वाचन तेथेच संपते. 'क्यू' वगळल्यानेही उत्तर तेच येते. मात्र उरलेली फाईल व्यर्थ वाचली जाते.

देवनागरी मजकुराबाबत एक विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. यूटीएफ-८ संकेतनात 'मुकुटबन' ह्या शब्दाची ७ चिन्हे २१ बाइट व्यापतात. बाइट मोजून कापल्यास अक्षर मध्येच तुटू शकते. ओळीच्या अंताचा १० हा बाइट मात्र देवनागरी चिन्हात कधीच येत नाही, म्हणून ओळींवर केलेला छेद निर्धोक असतो. यूटीएफ-१६ मध्ये ही निश्चिती नाही. तेथे 'ऊ' ह्या स्वराचा एक बाइट नेमका १० असल्याने 'ऊस' शब्द येताच 'सेड' तेथे ओळ संपली असे मानते व पुढील सर्व क्रमांक चुकतात. अशी फाईल आधी यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित करून मगच ओळी काढाव्यात.