नवा पीसी हँग होतो तेव्हा आळ कुणावर?

माझ्या भाच्याने वर्षभर पैसे साठवले, कमी पडले ते माझ्याकडून घेतले आणि अमरावतीहून गेमिंग पीसी जुळवून आणला. तिवस्यात घरी लावला आणि तिसऱ्याच दिवशी फोन आला, "मामाजी, काऊन हँग होते हा? नवाच तं हाय." कधी खेळता खेळता चित्र जागीच थिजायचं, माऊससुद्धा हलायचा नाही. कधी अख्खी मशीन खटकन बंद होऊन आपोआप सुरू व्हायची. मग चार दिवस काहीच नाही. गावात ज्याने त्याने आपलं निदान सांगितलं: व्हायरस आहे, ऊन लागतं, ग्राफिक्स कार्ड गेलं. पोराने तीनदा फॉरमॅट मारला. यातलं एकही निदान बरोबर नव्हतं, आणि जवळपास प्रत्येक घरी हेच आळ घेतले जातात.

नवी वस्तू म्हणजे निर्दोष, हा पहिला गैरसमज. इलेक्ट्रॉनिक भाग बिघडण्याचा धोका अगदी सुरुवातीच्या दिवसांत आणि अगदी म्हातारपणी जास्त असतो. मधली वर्षं शांत जातात. शिवाय जुळवलेल्या पीसीत वेगवेगळ्या कंपन्यांचे सात-आठ भाग पहिल्यांदाच एकत्र नांदायला लागतात. फॉरमॅटचं म्हणाल तर एकदा करून पाहणं ठीक. कोऱ्या विंडोजवरही तीच तक्रार राहिली, तर दोष बहुतेक हार्डवेअरमध्ये किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये आहे. दुसरा आणि तिसरा फॉरमॅट म्हणजे फक्त रात्रीची झोप घालवणं.

आम्ही दोघांनी एक वही केली. तारीख, वेळ, काय चालू होतं, थिजलं की बंद पडलं, लाईट फडफडली का. दहा दिवसांत वहीने सांगितलं की हे दोन वेगळे आजार आहेत. बंद पडणं बहुतेक संध्याकाळी आणि गेम जोरात चालू असताना. थिजणं मात्र कधीही, अगदी नुसता व्हिडिओ पाहतानासुद्धा. सगळ्याला सरसकट 'हँग' म्हणत राहिलो असतो तर हे कळलंच नसतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बंद पडण्याच्या प्रत्येक वेळेला 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद होती. नावात पॉवर आहे म्हणून पुष्कळजण लगेच नवा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, आणतात. या नोंदीचा अर्थ इतकाच की मशीन नीट शटडाऊन न होता पुन्हा सुरू झाली. तुम्ही स्वतः बटण दाबून धरून बंद केलीत तरी हीच नोंद पडते. ती नोंद म्हणजे मृत्यूचा दाखला, मृत्यूचं कारण त्यात लिहिलेलं नाही.

कारण टेबलाखाली होतं. दुकानातून सोबत आलेला ६०० व्हीएचा यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट, हा आपल्याकडचा फार पसरलेला गैरसमज आहे. असे छोटे यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट पेलतात. एकट्या ग्राफिक्स कार्डाला २०० वॅट लागत असतील, तर प्रोसेसर आणि मॉनिटर धरून गेममध्ये आकडा ३६०च्या पुढे जाऊ शकतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं किंवा क्षणभर लाईट गेली की यूपीएस बॅटरीवर जायचा, भार झेपायचा नाही आणि तो हात टेकायचा. एसएमपीएस ७५० वॅटचा असला तरी त्याला देणाराच दमला तर तो काय करणार? घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणाऱ्यांनीही त्याच्या मागचं बटण पाहावं. ते यूपीएस मोडवर नसेल तर बदलाला लागणारा वेळ वाढतो, आणि एसएमपीएस वीज नसताना साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो.

यूपीएस मोठा घेतला, बंद पडणं थांबलं. थिजणं तसंच.

आता रॅम. डब्यावर ६००० लिहिलेलं होतं, म्हणून ती त्या वेगाने चालायलाच हवी, अशी सगळ्यांची समजूत असते. तो वेग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही सेटिंग चालू केल्यावरच मिळतो, आणि तो ओव्हरक्लॉकच आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेला अधिकृत आधार दोन कांड्यांना ५२००चा. चार कांड्या लावल्या तर फक्त ३६००चा. त्यापुढे चाललं तर उत्तम, पण हमी प्रोसेसरवाला देत नाही. आम्ही पेनड्राईव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं. एक्सपो बंद असताना एकही चूक नाही. चालू केल्यावर दुसऱ्या फेरीत लाल ओळी. मग एकेक कांडी काढून, त्याच स्लॉटमध्ये, पुन्हा तीच चाचणी. एक कांडी स्वच्छ निघाली, दुसरी पुन्हा लाल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळायला भाच्याला फार जड गेलं. त्याला चार गोष्टी एकदम बदलायच्या असत. तसं केलं की पीसी बरा होतो, पण कशाने झाला ते कळत नाही आणि महिन्याने तुम्ही पुन्हा तिथेच.

डीडीआर५ रॅम बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, हेही इथेच सांगतो. त्या वेळी मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. पीसी मेला समजून बटण दाबू नका.

"स्क्रीनवर एरर आली तेच खरं" या समजुतीने तर जगभर लोक फसले. २०२४च्या सुरुवातीला इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर अनरियल इंजिनचे गेम कोसळू लागले आणि निरोप यायचा, व्हिडिओ मेमरी संपली. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. गेम सुरू होताना दाबून ठेवलेली माहिती उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो. तोच हिशेब चुकत होता आणि आळ कार्डावर येत होता. जुलै २०२४मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडमुळे चिपला जास्त व्होल्टेज जात होतं. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जी चिप आधीच झिजली ती अपडेटने बरी होत नाही. म्हणून या पिढीचा सेकंडहँड पीसी कुणी स्वस्तात देत असेल तर जरा थांबा. स्वतःकडे असेल तर बायोस अपडेट आजच करा, आणि ते करताना पीसी यूपीएसवर हवाच. तेवढ्या कामाला छोटा यूपीएसही पुरतो, कारण बायोसमध्ये मशीन फार वीज ओढत नाही.

उन्हाचा आळ पूर्ण खोटा नाही. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. तरी प्रोसेसर ९५ अंशांवर दिसला म्हणून घाबरू नका. रायझन ७००० भरपूर कामात तिथवर जाईल अशीच त्याची रचना आहे, आणि फार तापला तर तो आधी वेग कमी करतो. उष्णता काठावरच्या रॅमचा मात्र कडेलोट करू शकते. कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओलावा आणि धूळ सोबत आत जातात. जाळीवर साचलेली धूळ महिन्याने पुसली तरी खूप फरक पडतो.

एक गोष्ट हँग होण्याशी संबंधित नसूनही लिहितो, कारण जिवाचा प्रश्न आहे. भाच्याने अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. "लोखंड हाय, थोडा करंट तं येतेच" असं घरात धरून चालले होते. तो अर्थिंग नसल्याचा पुरावा होता. अंगणातला मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडला होता, वायर गंजून तुटलेली. इलेक्ट्रिशियनने ती नवी जोडली, दोन बादल्या पाणी ओतलं, झिणझिण्या गेल्या. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून बसवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

दुकानदार म्हणाला होता, पीसी उघडला की वॉरंटी गेली. पण जुळवलेल्या पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, म्हणून जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचं नाव आणि सिरीयल नंबर लिहून घ्यावा, रॅमचं प्लास्टिकचं पाकीटसुद्धा जपावं. आम्ही वही, बिल आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा मोबाईलवरचा फोटो घेऊन अमरावतीला गेलो. काउंटरवरच्या माणसाने फोटो पाहिला, मान हलवली आणि दोन्ही कांड्या मागितल्या. या जोडीने तपासून विकलेल्या असतात, एकटी बदलून मिळत नाही.