कांद्याच्या स्वस्ताईचं बिल कोण भरतं?

खुला बाजार मागणारा तो शेठजींचा माणूस आणि सरकारी बंधनं मागणारा तो गरिबांचा कैवारी, ही वाटणी आपल्या राजकीय चर्चेत पक्की रुळली आहे. कांद्यापुढे मात्र ती टिकत नाही.

गैरसमज पहिला : निर्यातबंदी म्हणजे गरिबाला न्याय. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि तेच ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरतं जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. ग्राहकाला कांदा परवडावा, या हेतूत वावगं काही नाही. पण रेशनचं धान्य स्वस्त मिळतं तेव्हा फरकाची रक्कम तिजोरी भरते. निर्यातबंदीत ती शेतकरी भरतो. सरकार राखीव साठ्यासाठी कांदा विकत घेतं, तो खर्च तिजोरीचा, हे खरं. बंदीचा बोजा मात्र ट्रॉली घेऊन आलेल्यावरच. लासलगावच्या कांदा बाजारात लिलावाचा घोळका ट्रॉलीपाशी थांबतो, व्यापारी दोन-चार कांदे हातात घेऊन दाबून बघतो, क्विंटलमागे बोली लागते, ट्रॉली खळ्यावर रिकामी होते. हिशोबपट्टीवर हमाली-तोलाईचे रकाने असतात. ‘ग्राहकाला सवलत’ असा रकाना नसतो. ती कपात भावातच होऊन गेलेली असते.

शेतकरी नेते शरद जोशींनी हेच मांडलं होतं. चाकणच्या कांदा आंदोलनापासून ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणणारी त्यांची शेतकरी संघटना अनुदानासाठी भांडते आहे, असं शहरात अनेकांना वाटत राहिलं. जोशींचं म्हणणं बरोबर उलटं होतं : सरकार शेतकऱ्याला देतं त्यापेक्षा जास्त, भाव पाडून त्याच्याकडून काढून घेतं, सबब आधी ते थांबवा. १९९४ मध्ये त्यांनी काढलेल्या पक्षाचं नाव ‘स्वतंत्र भारत’. खुल्या बाजाराची बाजू घेणाऱ्या, राजाजींच्या १९५९ च्या स्वतंत्र पक्षाशी असलेलं नातं त्यात लपलेलं नव्हतं. आणि त्यांच्या सभांना गर्दी करणारे शेठजी नव्हते, कोरडवाहूवाले होते.

आता उलटा गैरसमज : सरकार बाजारातून बाहेर पडलं की न्याय आपोआप होतो. पूर्वी धान्या-कापसाचे सौदे रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी व्हायचे. मालकासमोर त्याच्याच मालाचा भाव ठरायचा आणि त्याला तो कळायचा नाही. वऱ्हाडात कापूस-धान्याच्या बाजारांसाठी १८९७ मध्येच कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यालाही उघडा लिलाव आणि खरं वजन हवं होतं. त्याच कायद्याने शेतकऱ्याला आवाराबाहेर विकायलाही अडवलं. फळं-भाजीपाला यातून सुटला तो थेट २०१६ मध्ये. संरक्षण आणि दावं एकाच कायद्यात बांधलेली. बहुतेक भांडणं होतात ती दोन्ही एकच समजून.

सरकारी हस्तक्षेप मागणाऱ्याला व्यक्तिस्वातंत्र्याची कदर नसते, हेही खोटं. डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती आणि पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असं सुचवलं, ते स्वातंत्र्यासाठीच : पोटाची खात्री नसलेला माणूस नोकरीसाठी आपले हक्कही सोडून देतो, हा त्यांचा युक्तिवाद. शेतीच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल मला त्यांचं पटत नाही, पण प्रश्न चोख आहे. पलीकडच्या, खुल्या बाजाराच्या गोटातले अर्थतज्ज्ञ हायेक आणि फ्रीडमनही गरिबाला वाऱ्यावर सोडा म्हणत नव्हते. हायेक किमान अन्न-वस्त्राची हमी मान्य करतात. फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये कमी उत्पन्नवाल्याला सरकारनेच रोख द्यावी अशी ‘उणे प्राप्तिकरा’ची योजना मांडली.

न्यायाचं बिल उघडपणे फाडण्याचा नमुना आपल्याकडेच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगारपत्रकात दरमहा कापले जाणारे २०० आणि फेब्रुवारीतले ३०० रुपये ते हेच. कोण देतो, कशासाठी देतो, सगळं समोर. २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला, तरी हा कर थांबला नाही. त्याचं आता काय होतं, हे पगारदारांनी सरकारला एकदा विचारायला हरकत नाही.