लहान शहरातील जीवन

सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी वसलेले वाई हे एक लहान शहर होय. येथे शाळा, बाजार व नदीचा घाट यांमधील अंतर थोडे. त्यामुळे येण्याजाण्यात वेळ कमी जातो. शेजाऱ्याची अडचण शेजाऱ्यास चटकन कळते. अशाच निवांत वातावरणात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले व १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला.

परंतु ज्या शहरात विश्वकोश घडला, तेथील अनेक मुलांना विशेष शिक्षणासाठी व मनाजोग्या नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जावे लागते. दुर्धर आजारात मोठे रुग्णालयही दूर पडते. म्हणून लहान शहरात राहणाऱ्याने हाती उरलेल्या वेळेचे चीज करावे. ते सोडून जाणाऱ्याने तेथील शेजारधर्म सोबत न्यावा.